सत्तावीस नंबरची राखण

जैनबआपा कुणालाही नंबर विचारत नसत. मी घरच्या काळ्या फोनचं हँडल फिरवून रिसीव्हर कानाला लावला की पलीकडून आवाज यायचा, "बोला डॉक्टरीणबाई, कोण पाहिजे?" मी अजून तोंडही उघडलेलं नसायचं. हँडल कोण फिरवतंय हे त्या फिरवण्याच्या तऱ्हेवरून ओळखत. तुमचे आजोबा दोन झटके देऊन थांबत. माझ्या सासूबाई जात्यासारखं फिरवत राहत. आणि मी, जैनबआपांच्या शब्दांत, "मोजून पाच येढे" द्यायचे.

सई, परवा तू सांगत होतीस की तुमच्या तिकडच्या घरच्या फोनवर दिवसातून चारदा कुणीतरी काहीतरी विकायला बघतं, म्हणून तू एक यंत्र आणून ते सगळे नंबर बंद करून टाकलेस. चिन्मय म्हणाला, "आजी, तुमच्या वेळी असं काही नसेल ना?" होतं. नको असलेले फोन बाहेरच्या बाहेर अडवायची सोय आमच्याकडेही होती. ती सोय म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजवरच्या जैनबआपा. त्यांच्याबद्दल तुम्हाला मी आजवर काही सांगितलं नाही, कारण त्यांच्याबद्दल सांगायचं तर माझ्याबद्दलही सांगावं लागतं, आणि ते फारसं चांगलं नाही.

महाराष्ट्र राज्य झालं त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत आपल्या धाराशिवच्या घरी फोन आला. कागदोपत्री गाव तेव्हा उस्मानाबाद. गावातले सगळे फोन वहीच्या एका पानावर मावतील इतकेच होते. आपला नंबर सत्तावीस. बाजाराच्या बाजूला एका बसक्या इमारतीत एक्स्चेंज होतं. तिथे एका लाकडी बोर्डासमोर बसून ऑपरेटर दोरीचं एक टोक फोन करणाऱ्याच्या भोकात आणि दुसरं टोक समोरच्याच्या भोकात खुपसत असे. तेवढं झालं की दोन घरं बोलू लागत. ते टोक खुपसलंच नाही, तर जगातली कुठलीही शक्ती तुमच्या घरची घंटा वाजवू शकत नसे.

आजोबा सव्वा वाजता दवाखान्यातून येत, हातपाय धूत आणि माझ्याशी काही बोलायच्या आधी हँडलला दोन झटके देत. "आपा, मी जेवायला बसतोय." एवढंच. मग येऊन पाटावर बसत. तिथून पुढे त्यांचं जेवण आणि तासाभराची झोप संपेपर्यंत आपल्याकडे कुणाचा फोन येत नसे. लग्नाचं आमंत्रण द्यायला, प्लॉट विकायला, 'सहज' चौकशी करायला लोक फोन करत, आणि जैनबआपा त्यांना सांगत, "लाईन हाय, पण वेळ न्हाय."

एका कापडवाल्यानं मला हे दुकानात उभं करून ऐकवलं होतं. तो म्हणाला, "मी म्हटलं, अहो बाई, तुम्हाला काय करायचंय? तुमचं काम जोडायचं. तर म्हणतात, 'हौ, माझं काम जोडायचंच हाय. म्हणूनच न जोडायचं बी माझंच काम.' आता बोला!" तो हसत होता. मी हसले नाही. पण जवळच्या तेर गावाहून कुणी पाटलाच्या फोनवरून, पोराला विंचू चावला म्हणून ओरडत असला, तर त्याच जैनबआपा म्हणत, "थांबा, उठवते," आणि आपल्या घरची घंटा अशी वाजे की शेजारचेही झोपेतून उठत.

नवऱ्याचं जेवण आणि झोप सांभाळणं हे माझं काम होतं. मी हैदराबादला इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, घर घड्याळावर चालवणारी. पोळीचा पहिला घास कधी आणि ताकाची वाटी कधी, हे सगळं माझ्याकडे ठरलेलं. आणि हा माणूस जेवायला बसल्याची वर्दी आधी त्या बोर्डावरच्या बाईला देत होता.

एका दुपारी मी शाळेत शिकवून आले तर आजोबा घरी नव्हते. सासूबाईंना माहीत नव्हतं. अर्धा तास वाट पाहून मी हँडलला माझे पाच वेढे दिले.

"डॉक्टर कुठे आहेत, माहीत आहे का तुम्हाला?"

"तेरला गेलेत. बाळंतीण अडलीय. सहापर्यंत येतील." मग जरा थांबून, "तुम्हाला न्हाई बोलले?"

त्यांनी ते टोचून विचारलं नव्हतं, आज मला हे कळतं. त्या दिवशी मी रिसीव्हर असा आपटला की सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, फुटला तर सरकार दुसरा देईल का?"

मी तोवर त्यांना पाहिलं नव्हतं. आवाज पंचविशीतला होता, स्वच्छ, थोडा ओलसर. मनातल्या मनात मी त्या आवाजाला एक चेहरा दिला होता आणि त्या चेहऱ्याचा द्वेष करत होते. शेवटी हैदराबादला वडिलांना ट्रंक कॉल लावायचं निमित्त काढून मी स्वतःच एक्स्चेंजमध्ये गेले. बोर्डासमोर एक उंच, वाळकी बाई बसली होती. वय पंचेचाळीसच्या आसपास, तोंडावर देवीचे वण, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, पदराच्या वरून हेडफोन. पानानं ओठ रंगलेले. मान न वळवता त्या म्हणाल्या, "या. ट्रंकेचा फॉर्म तिकडं हाय." आणि मी फॉर्म भरत असताना, त्याच सुरात, "बघून झालं का, डॉक्टरीणबाई?"

त्यांना पाहून माझं मन शांत व्हायला हवं होतं. झालं नाही. त्या तरुण आणि देखण्या असत्या तर माझ्या दुखण्याला एक नाव तरी मिळालं असतं. हे दुखणं वेगळं होतं. त्यांचे यजमान निजामाच्या काळापासून तारखात्यात लाईनमन होते. खांबावरून पडून गेले, तेव्हा उर्दू सातवी शिकलेल्या या बाईला खात्यानं बोर्डावर बसवलं. आणि सात बुकं शिकलेल्या त्या बाईला माझ्या घराबद्दल माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. माणसं त्यांना सगळं सांगत, न विचारता. मला माझ्या वर्गातल्या मुलीही विचारल्याशिवाय काही सांगत नसत.

आता त्या फोनकडे येते.

मुलींच्या शाळेत मी सकाळी इंग्रजी शिकवत असे. ही नोकरी सहज मिळाली नव्हती. सासूबाईंनी दोन महिने नाही म्हणून झाल्यावर एका अटीवर हो म्हटलं होतं: "बाहेर जायचंस तर जा. पण तुझ्यावरून एक शब्द घरी आला, की दुसऱ्या दिवशीपासून शाळा बंद." आजोबा तिथेच बसले होते आणि काही बोलले नव्हते. ती नोकरी मला जीव की प्राण होती. सकाळचे साडेचार तास मी कुणाची डॉक्टरीणबाई नसे.

एका संध्याकाळी पाचच्या सुमाराला घंटा वाजली. आजोबा दवाखान्यात होते, सासूबाई देवळात. मी वह्या तपासत होते. पलीकडून पुरुषाचा आवाज आला, अगदी सभ्य, हळू. "आज निळी साडी चांगली दिसत होती." मी विचारलं, "कोण बोलतंय?" तो म्हणाला, "पुलाजवळ ऊन होतं. छत्री घेत जा." आणि फोन बंद.

पंधरा दिवसांनी पुन्हा, या वेळी साडेचारला. मग दहा दिवसांनी. शिवी नाही, घाण शब्द नाही. फक्त मी काय नेसले होते, कुठे थांबले, कुणाशी बोलले. मी रस्ता बदलला, त्यानं तेही सांगितलं. मी कुणाला सांगणार होते? आजोबा आईला सांगितल्याशिवाय राहिले नसते, आणि सासूबाईंची अट मला पाठ होती.

हे थांबवू शकणारी एकच व्यक्ती गावात होती. प्रत्येक फोन तिच्या हातातून येत होता. 'आपा, हा माणूस पुन्हा जोडू नका,' एवढं एक वाक्य मला म्हणायचं होतं. पण नवऱ्यानंतर आता मीही त्या बाईच्या ओंजळीनं पाणी प्यायचं, हे मला सोसेना. आणि मग हेव्यानं मला दुसरंच सुचवलं. ती कापडवाल्याला अडवते, मग याला का नाही अडवत? तिला कळत नसेल? म्हणजे ती मुद्दाम जोडते. कानाला लावून ऐकते. हसते.

आजोबांची इंग्रजी पत्रं मीच लिहीत असे. औषध कंपन्या, सरकारी कागद, सगळं. रविवारी सकाळी मी गठ्ठा पुढे ठेवायची आणि ते चहा पिता पिता न वाचताच सह्या करायचे. त्या रविवारी त्या गठ्ठ्यात चौथा कागद टेलिफोन खात्याच्या वरच्या साहेबांना होता. तीन परिच्छेद, प्रत्येकाला क्रमांक. ऑपरेटर फोन जोडायला नकार देतात. खासगी चौकशा करतात. बोलणं ऐकतात. त्या माणसाचा उल्लेख नाही. एकही शब्द खोटा नाही. मी आयुष्यात लिहिलेल्या उत्तम पत्रांपैकी ते एक होतं. आजोबांनी त्यावर सही केली आणि म्हणाले, "आज पोह्यांत शेंगदाणे कमी आहेत का?"

महिन्याभरात जैनबआपा बोर्डावरून उठल्या. चौकशी होईपर्यंत त्यांना मागच्या खोलीत कागद लावायला बसवलं. बोर्डावर सोलापूरकडचे एक तरतरीत गृहस्थ आले. हँडल फिरवलं की "नंबर प्लीज" म्हणत आणि कुणालाही, कधीही, नियमाप्रमाणे जोडून देत.

पहिल्याच दुपारी आजोबा सात वेळा ताटावरून उठले. वरणभात गार झाला. सातव्या फोनवर कुणीतरी बोअरच्या पंपाची एजन्सी सांगत होतं. "आपा आजारी आहेत वाटतं," ते म्हणाले. मी ताक वाढलं.

आणि साडेचारला तो सभ्य आवाज आला. दुसऱ्या दिवशी दोनदा आला. तिसऱ्या दिवशी तीनदा. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "आता बरं झालं. इतके दिवस ती बया 'लाईन गुंतलीय, लाईन गुंतलीय' म्हणायची."

मी रिसीव्हर हातात धरून किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. वह्यांवरची शाई वाळली होती.

त्याच आठवड्यात आजोबा बॅग घेऊन जैनबआपांच्या घरी गेले, तब्येत बघायला. परत आले. जेवायला बसले आणि दोन घासांत उठले. "बऱ्या आहेत. चहा दिला. पण धड बोलल्या नाहीत माझ्याशी. 'तब्येत बरी हाय साहेब, तुम्ही कशाला तसदी घेतली' एवढंच. मी काय केलंय गं त्यांना?"

मला काय वाटलं असेल? लाज वाटली, ती तर वाटलीच. पण त्याच्याही आधी, मला टायफॉइड झाला होता तेव्हासुद्धा हे ताटावरून असे उठले नव्हते, हे मला आठवलं. पण तुम्हाला सांगायचं तर सगळं सांगायचं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सरळ त्यांच्या घरी गेले. दर्ग्याच्या बाजूला दोन खोल्या, अंगणात पुदिन्याचा डबा. त्या तांदूळ निवडत होत्या. मला पाहून सूप बाजूला ठेवलं, चटई टाकली.

"बसा. शाळेतून थेट आलात, पाणी घ्या."

"आपा, ते पत्र..."

"हाय की." त्यांनी फडताळातून घडी केलेली नक्कल काढली. "खाली सही साहेबांची. मी लई बघितली. मग शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतलं. त्यांनी वाचलं, मला मराठीत सांगितलं, आन् म्हणाले, आपा, काय इंग्रजी हाय! तवा मला कळलं." त्या हसल्या. "साहेबांना इतकं इंग्रजी कुठं येतं? कंपनीवाल्याचा फोन आला की घाम फुटतो त्यांना. 'वन मिनिट, वन मिनिट' करत तुम्हाला हाक मारत्यात."

"तुम्हाला माहीत होतं? मग काल यांना का नाही सांगितलंत?"

"नक्को बाई. साहेब घरी येऊन तुम्हाला विचारतील. मग तुम्ही सांगताल, का लिहिलं ते. मग सासूबाई ऐकतील. मग तुमची शाळा." त्यांनी बोटांवर एकेक मोजलं. "सासूबाई लातूरला बहिणीशी बोलत्यात ना फोनवर. सुनेला एका अटीवर सोडलंय म्हणून. मला ऐकू येतंच की."

मी विचारलं, "आणि तो? तो माणूस?"

त्यांचा चेहरा बदलला. "पहिल्या दिवशी मीच जोडला त्याला. जोडल्यावर लाईन लागली का न्हाई ते दोन घटका ऐकावं लागतं. निळी साडी ऐकली आन् दुसऱ्या दिवसापासून बंद केला. रोज मागायचा. दोनदा, तीनदा. मी म्हणायची, गुंतलीय. तो म्हणायचा, बाई, तुझी तक्रार करतो. मी म्हणायची, कर."

"पण मला त्याचे फोन येत होते, आपा. साडेचारला."

"साडेचारला?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "या खुदा. अस्रची नमाज! मी पंधरा मिनटं मागं जाते. तारबाबू बसतो बोर्डावर. त्याला काय, नंबर सांगितला की जोडला." आणि मग, ज्यांना मी खात्याकडे गुन्हेगार ठरवलं होतं त्या बाई मला म्हणाल्या, "माफ करा डॉक्टरीणबाई. हे माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं."

मी विचारलं, "कोण आहे तो? तुम्हाला नंबर माहीत असणार."

"हाय माहीत."

"मग सांगा."

"न्हाई सांगणार. नाव सांगितलं तर तुम्हाला त्याचं तोंड रोज बघावं लागंल. बाजारात, शाळेत, दवाखान्यात. आता मी एकटी बघते, तेवढं पुरे."

मी पुष्कळ विनवलं. त्यांनी सूप पुन्हा पुढे ओढलं आणि तांदळातले खडे काढू लागल्या. निघताना म्हणाल्या, "गुरुवारी खात्याचे साहेब येणार चौकशीला. तुम्ही त्या माणसाचं काढू नका. माझं काय, फार तर बदली होईल."

पण गोष्ट बदलीवर थांबणारी नव्हती. फोन न जोडणं आणि ऐकणं, हे दोन्ही आरोप खरे होते. त्यांनी ते नाकारले नसते. नोकरी गेली असती. आणि नोकरी वाचवायची तर कुणीतरी सांगायला हवं होतं की त्यांनी काय अडवलं आणि का. ते सांगणारी मी एकटी होते. म्हणजे त्यांची नोकरी नाहीतर माझी.

मी दोन दिवस विचार केला. त्यातल्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे बुधवारी, आजोबांना सगळं सांगितलं, अगदी गठ्ठ्यातल्या चौथ्या कागदापासून. हेव्याचंही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "न वाचता सही केली, ती माझी चूक." माझी चूक कोणती, हे त्यांनी कधीच म्हटलं नाही. ते मला जास्त लागलं. मागे दारात सासूबाई उभ्या होत्या. किती ऐकलं होतं, त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

गुरुवारी चौकशी आपल्याच बैठकीत झाली. अधिकारी वयस्कर होते, कागदावरून नजर न उचलणारे. जैनबआपा खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या, स्वच्छ पांढऱ्या साडीत, पान न खाता. अधिकाऱ्यांनी विचारलं, "तुम्ही सत्तावीस नंबरला येणारे फोन अडवले?"

"हौ साहेब. अडवले."

मी मधेच बोलले. इंग्रजीत, कारण त्या भाषेत माझा आवाज कापत नाही. म्हटलं, ते पत्र मी लिहिलं, माझ्या पतींनी वाचलं नाही, आणि ते अन्यायाचं आहे. माझे पती रोज जेवायला बसताना ऑपरेटरना तसं सांगत. याला ग्राहकाची सूचनाच म्हणायला हवं. अधिकाऱ्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "दुपारचं समजलं. पण इथे साडेतीन, पाच, साडेपाच अशा वेळांना नकार दिल्याची एका ग्राहकाची वेगळी तक्रारही आहे. त्या वेळी डॉक्टर जेवत नव्हते."

त्यानं खरोखरच तक्रार केली होती. तो कागद त्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली होता, त्यावर त्याचं नाव होतं, आणि माझ्यापासून ते हातभर अंतरावर होतं. जैनबआपा माझ्याकडे पाहून मान हलवत होत्या, नको म्हणून.

मी सांगितलं. निळी साडी, पूल, छत्री. मराठीत सांगितलं, सासूबाईंना समजावं म्हणून.

अधिकाऱ्यांनी तो कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाले, "नियम नियम आहे." आपांची नोकरी वाचली, पण ताकीद मिळाली आणि बदली झाली, परंड्याच्या छोट्या बोर्डावर.

सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी मुख्याध्यापिकाबाईंना द्यायचं राजीनाम्याचं पत्र मनात तयार ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी चार वाजता सासूबाईंनी पाट उचलला, फोनच्या खाली टाकला आणि जपाची माळ घेऊन बसल्या. साडेचारला घंटा वाजली. सासूबाईंनी रिसीव्हर उलटा धरला, सुलटा केला आणि म्हणाल्या, "कोण रे तू? तुझ्या आईला ठाऊक आहे का तू हे धंदे करतोस ते? नाव सांग, तिच्याशीच बोलते!" पलीकडचा फोन बंद झाला. त्या महिनाभर तिथे बसल्या. तो आवाज परत आला नाही. शाळेबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही; फक्त एकदा म्हणाल्या, "छत्री घेऊन जात जा. त्याचं तेवढं बरोबर होतं."

जैनबआपांना एस. टी.वर पोचवायला आम्ही दोघं गेलो. आजोबा आपांच्या वळकटीची दोरी पुन्हा पुन्हा आवळत होते. मी म्हटलं, "आपा, मी तुमच्यावर जळत होते."

"माहीत हाय की," त्या खिडकीतून म्हणाल्या. "हँडल फिरवलं की कळायचं."

पुढे बरीच वर्षं गेली. आपल्या गावी माणसाशिवाय जोडणारं एक्स्चेंज आलं. मी शाळेची मुख्याध्यापिका झाले, सासूबाई गेल्या. आजोबा परंड्याकडे कुणा रोग्याला बघायला गेले की आपांकडे चहा घेऊन येत आणि घरी येऊन त्यांच्या गोष्टी सांगत, आणि मी त्या ऐकताना दर वेळी मनातल्या मनात थोडी जळत असे. मग एक दिवस निरोप आला, आपा फार आजारी आहेत.

आम्ही गेलो. किल्ल्याकडच्या गल्लीत भाचीच्या घरी त्या खाटेवर होत्या. अगदी हलक्या झालेल्या. आजोबांनी तपासलं, औषधं लिहून द्यायला ते भाचीबरोबर बाहेरच्या खोलीत गेले. आम्ही दोघीच उरलो. मी म्हटलं, "आपा, आता तरी सांगा. तो कोण होता?"

"अजून पाहिजे तुम्हाला?"

"पाहिजे."

त्या दम घेत घेत बोलल्या. "त्याची पोर तुमच्या शाळेत होती. तुमच्या वर्गात. मॅट्रिकला तिला इंग्रजीत लई मार्क पडले. इथं परंड्यात त्याची बहीण हाय. तिला सांगायला त्यानं ट्रंक लावली होती. मीच बोर्डावर होते."

"जोडलात?"

"हौ. जोडला. पोरीची चांगली बातमी होती." त्यांनी डोळे मिटले. "बाप रडत होता फोनवर. म्हणत होता, बाईंनी पोरीला स्वतःच्या लेकीसारखं शिकवलं. नाव सांगितलं असतं मी, तर शिकवलं असतं तुम्ही?"

"का नाही? मुलीचा काय दोष?" मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. जेवणाआधी फोनवर बोललेल्या दोन शब्दांसाठी तीन परिच्छेदांचं पत्र लिहिणाऱ्या बाईला त्या ओळखून होत्या. मीही त्या बाईला ओळखत होते. मी मान खाली घातली आणि त्यांचा हात हातात घेतला. आठ दिवसांनी त्या गेल्या.

परतताना जीपमध्ये मी मुलींची नावं आठवायला सुरुवात केली. इंग्रजीत चांगले गुण मिळालेल्या, परंड्याला आत्या असलेल्या. तिसऱ्या नावावर थांबले आणि पुन्हा कधी ती यादी केली नाही. आजोबांनी विचारलं, "बराच वेळ बोलत होतात. काय म्हणाल्या आपा?"

"काही नाही."

"काहीतरी म्हणाल्या असतील. मला का नाही सांगितलं मग?"

"ते आमच्या दोघींतलं आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान फिरवून बाहेर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं होतं ते मी चांगलंच ओळखत होते, इतकी वर्षं ते माझ्याच चेहऱ्यावर होतं. बार्शी येईपर्यंत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.